जेफरसनची जाहिरात, जेफरसनचा जाहीरनामा

14 सप्टेंबर 1769 च्या 'व्हर्जिनिया गॅझेट'मध्ये एक छोटी जाहिरात छापून आली. अल्बमार्ल परगण्यातून सँडी नावाचा गुलाम पळाला आहे. वय सुमारे 35, बुटका, अंगाने जरा सुटलेला, रंगाने उजळ. जोडे शिवायचा धंदा, कामाला बहुतेक डावा हात वापरतो. जाडंभरडं सुतारकाम येतं, घोड्यावर मांड पक्की. दारूचा भारी नाद, प्यायला की उद्धटपणा करतो, बोलण्यात शिव्या फार, वागायला लबाड. जाताना त्याने एक पांढरा घोडा नेला आहे आणि जोडे शिवायची हत्यारंही नेली आहेत, तेव्हा तो बहुधा त्याच धंद्यावर कुठेतरी काम धरील. परगण्यातच पकडून आणणाऱ्याला 40 शिलिंग, वसाहतीत इतरत्र सापडला तर 4 पौंड, दुसऱ्या वसाहतीतून आणला तर 10 पौंड. खाली नाव आहे थॉमस जेफरसन.

सातच वर्षांनी याच माणसाने अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा खर्डा लिहिला. सर्व माणसं समान निर्माण झाली आहेत, हे त्यातलं वाक्य जगभर गेलं. त्याच खर्ड्यात आणखी एक लांबलचक परिच्छेद होता, तो मात्र मागे राहिला. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याच्यावरच्या आरोपांच्या यादीत जेफरसनने गुलामांच्या व्यापाराचाही आरोप घातला होता. या राजाने मानवी स्वभावाविरुद्धच क्रूर युद्ध मांडलं, दूरदेशीच्या निरपराध लोकांना धरून दुसऱ्या गोलार्धात गुलामीत ढकललं, माणसांच्या खरेदी-विक्रीचा बाजार उघडा ठेवला. 'माणसं' हा शब्द त्याने मोठ्या अक्षरांत लिहिला आहे. आणि त्याच परिच्छेदाच्या शेवटी तक्रार अशी, की हाच राजा आता त्या लोकांना आमच्यावर शस्त्र उचलायला चिथावतो आहे! वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, म्हणजे तिथल्या काँग्रेसने, हा सगळा परिच्छेद काढून टाकला. साउथ कॅरोलायना आणि जॉर्जिया यांच्या मर्जीखातर तो गेला, आणि या व्यापारात जहाजं घातलेल्या आमच्या उत्तरेकडच्या बांधवांनाही तो जरा बोचलाच, असं जेफरसनने पुढे आत्मचरित्रात नोंदवून ठेवलं आहे.

अमेरिकेतल्या अकरावीच्या वर्गात हे दोन कागद एकाच बाकावर शेजारी शेजारी ठेवावेत आणि मुलांना त्यांच्याशी निदान दोन तास झटू द्यावं, असं माझं म्हणणं आहे. इतिहास शिकवताना मूळ कागद वर्गात आणा, असं सांगणारे आज पुष्कळ आहेत, आणि ते बरोबरच सांगतात. माझा आग्रह त्याच्या एक पाऊल पुढचा आहे. कागद एकटा आणू नये. एकमेकांना अडवणारे कागद जोडीने आणावेत, होता होईतो पूर्ण आणावेत, आणि प्रत्येक कागद म्हणजे कुणीतरी, कुणासाठी तरी, काहीतरी साधायला केलेली कृती असते, हे मुलांच्या अंगवळणी पाडावं. हे होत नसेल तर अस्सल कागद वर्गात येऊन फारसं काही बदलत नाही. जुन्या टायपातलं आणखी एक पाठ्यपुस्तक हातात येतं, इतकंच.

नुसता जाहीरनामा वाचला तर जेफरसन देव्हाऱ्यात बसतो. नुसती जाहिरात वाचली तर तो ढोंगी ठरतो आणि मुलं पाच मिनिटांत वही मिटतात. दोन्ही समोर असले की मात्र प्रश्न सुरू होतात. ज्याला माणूस म्हणजे काय हे इतकं नेमकं कळत होतं, त्याने हयातभर सहाशेहून अधिक माणसं गुलामीत कशी ठेवली? स्वतः विकत घेणाऱ्याने सगळा दोष राजावर का टाकला? काँग्रेसमध्ये बसलेल्या लोकांना नेमकं कुठलं वाक्य सोसलं नाही? आणि सँडीबद्दल मालकाने एवढं बारकाईने का लिहिलं? पकडायचा म्हणून. डावखुरा हात, कसब, जिभेवरच्या शिव्या, सगळं ओळख पटवायला लिहिलेलं आहे. पण ते लिहिताना मालकाच्या नकळत एक जिवंत माणूस कागदावर उतरला. कसबी, तापट, हुशार, आणि बाहेर पडताना आपली हत्यारं बरोबर घेण्याइतका दूरदर्शी. 1773 साली जेफरसनने त्याला विकून टाकलं. सँडीच्या स्वतःच्या हातचा एक शब्दही आपल्यापर्यंत आलेला नाही. त्याचं जे काही उरलं आहे ते त्याला पकडू पाहणाऱ्याच्या लेखणीतून, आणि अशा कागदातून माणूस कसा शोधायचा हे शिकवावं लागतं.

ही कल्पना काही नवी नाही. 1880 च्या दशकातच मेरी शेल्डन बार्न्स यांच्यासारख्या शिक्षिकेने अमेरिकेत मूळ साधनांवरून इतिहास शिकवायचा ध्यास घेतला होता. 2001 साली वेस्ट व्हर्जिनियाचे सिनेटर रॉबर्ट बर्ड यांच्या पुढाकाराने केंद्र सरकारने इतिहासाच्या शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी अनुदान सुरू केलं, ते दहाएक वर्षं चाललं आणि मग अंदाजपत्रकाच्या कात्रीत सापडलं. दरम्यान लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि राष्ट्रीय अभिलेखागार यांनी लाखो कागद इंटरनेटवर फुकट खुले केले. जेफरसनचा खोडाखोड केलेला खर्डा आज आयोवातल्या खेड्यातली मुलगीही पडद्यावर मोठा करून पाहू शकते. तेव्हा कागद मिळत नाहीत ही अडचण आता राहिलेली नाही. अडचण वाचण्याची आहे.

सॅम वाइनबर्ग या अभ्यासकाने 1991 साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या बाबतीत मला फार बोलका वाटतो. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाला तोंड फुटलं तेव्हा, 19 एप्रिल 1775 ला, लेक्सिंग्टनच्या मैदानावर पहिली गोळी कुणी झाडली, या प्रश्नावरचे कागद त्याने आठ इतिहासकारांना आणि शाळेतल्या आठ हुशार मुलांना वाचायला दिले. त्यांत वसाहतीतल्या 34 शिपायांनी मिळून दिलेली जबानी होती, आम्ही पाठ फिरवून निघालो असताना आमच्यावर गोळीबार झाला अशी. ब्रिटिश लेफ्टनंट जॉन बार्करच्या रोजनिशीतली नोंद होती, आम्ही जवळ जाताच त्यांनीच एक-दोन गोळ्या झाडल्या अशी. पाठ्यपुस्तकातला एक उताराही होता. मुलांनी सर्वांत विश्वासार्ह ठरवला तो पाठ्यपुस्तकातला उतारा, इतिहासकारांनी तो तळाच्या आसपास ठेवला. मुलं मजकूर वरून खाली वाचत गेली. इतिहासकारांची नजर आधी कागदाच्या शेवटाला गेली, कुणी लिहिलंय, कधी लिहिलंय, कुणाला लिहिलंय हे पाहायला. जबानी घटनेनंतर सहा दिवसांनी घेतलेली, जगाला आपली बाजू पटवण्यासाठी. रोजनिशी स्वतःसाठी लिहिलेली, पण लिहिणारा त्याच पलटणीतला. या दोन सवयींमधलं अंतर भरून काढणं, हे इतिहासाच्या शिक्षकाचं खरं काम आहे.

आपल्याकडे इतिहासकार वि. का. राजवाड्यांपासून 'अस्सल कागद' या शब्दाला मोठा मान आहे. बखर बाजूला सारून समकालीन पत्र पुढे करायचं, ही शिस्त त्यांनी लावली आणि ती मोलाची आहे. पण समकालीन कागद म्हणजे खरा कागद, असा समज त्यातून सहज होतो, आणि तो अमेरिकेतही तितकाच पसरलेला आहे. कागदच बोलू द्या, असं लोक ठासून म्हणतात. यादवी युद्धाच्या काळातलं अध्यक्ष लिंकनचं एक पत्र घ्या. 'न्यूयॉर्क ट्रिब्यून'चा संपादक होरेस ग्रीली याला 22 ऑगस्ट 1862 ला लिहिलेलं. एकाही गुलामाला मुक्त न करता संघराज्य वाचवता आलं तर मी तसं करीन, सर्वांना मुक्त करून वाचवता आलं तर तसं करीन, काहींना मुक्त करून आणि बाकीच्यांना तसंच ठेवून वाचवता आलं तर तेही करीन. एवढाच तुकडा मुलांच्या हातात द्या आणि कागदालाच बोलू द्या, तर कागद सांगेल की लिंकनला गुलामीशी काही देणंघेणं नव्हतं. पण पत्र तिथे संपत नाही. सर्व माणसं सर्वत्र मुक्त असावीत ही माझी वेळोवेळी बोलून दाखवलेली वैयक्तिक इच्छा कायम आहे, असं शेवटचं वाक्य आहे, आणि उतारे पाडणारे नेमकं तेच गाळतात. शिवाय पत्र लिहिण्याच्या बरोबर महिनाभर आधी, 22 जुलैला, लिंकनने गुलाममुक्तीच्या घोषणेचा मसुदा मंत्रिमंडळाला वाचून दाखवला होता. रणांगणावर एखादा विजय पदरात पडेपर्यंत थांबा, असा सल्ला परराष्ट्रमंत्री सेवर्डने दिला म्हणून तो मसुदा लिंकनकडेच पडून होता. 17 सप्टेंबरला अँटिएटमची लढाई झाली आणि 22 सप्टेंबरला घोषणा बाहेर आली. म्हणजे ग्रीलीला लिहिलेलं पत्र हे उत्तरेतल्या कुंपणावरच्या लोकांची मनं येणाऱ्या घोषणेसाठी तयार करणारं पत्रही असू शकतं. हे कळायला मसुदा, पत्र आणि तारखा एकत्र लागतात. एकट्या पत्रावरून लिंकनचा भक्तही बनवता येतो आणि निंदकही, आणि दोघांच्याही हातात अस्सल कागद असतो.

याहून अवघड, आणि माझ्या मते याहून मोलाची जोडी सुझन हॅमलिनची आहे. 1936 ते 1938 या काळात, महामंदीत बेकार झालेल्या लेखकांना काम देणाऱ्या सरकारी योजनेतून, एकेकाळी गुलाम असलेल्या आणि तेव्हा हयात असलेल्या लोकांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. 17 राज्यांत मिळून 2,300 हून अधिक. साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटन शहरात शंभरीच्या घरात पोचलेल्या या बाईची मुलाखत दोनदा घेतली गेली. एकदा एका गोऱ्या बाईने, एकदा एका काळ्या पुरुषाने. एका नोंदीत नाव हॅमलिन आहे, दुसरीत हॅमिल्टन. गोऱ्या बाईजवळ ती सांगते की आपला मालक चांगला माणूस होता, त्याच्या बायकोचं माहेर मोठं खानदानी. मालक दयाळू असायचे का, यावर तिचं उत्तर आहे की तेव्हाही आताच्यासारखंच होतं, काही भले, काही दुष्ट. काळ्या मुलाखतकाराजवळ तीच बाई फटक्यांबद्दल बोलते. रात्री लग्न लागलेल्या मुलीला मालकाने दुसऱ्या दिवशी सकाळी विकली, आणि त्या मुलीच्या आईने भर रस्त्यात उभं राहून गोऱ्यांना कसे तळतळाट दिले, ते सांगते.

मुलं पटकन म्हणतात की दुसरी मुलाखत खरी. तिथे शिक्षकाने थांबवायला हवं. पहिल्या मुलाखतीत ही बाई समजून चालली होती की आलेली गोरी बाई मदतीचे पैसे ठरवणाऱ्या कचेरीतून आली आहे. 1937 चं दक्षिणेतलं शहर, मंदीचे दिवस, वृद्धापकाळ, आणि समोर पैसे मंजूर करणारी गोरी बाई. अशा माणसासमोर कोण मनातलं बोलेल? मग दुसऱ्या मुलाखतीकडे वळायचं. पहिल्या नोंदीत विचारलेले प्रश्न दिसतात, दुसरीत ते दिसत नाहीत, सगळं तिचं सलग बोलणं म्हणून लिहिलेलं आहे. मग मुलाखतकाराने काय विचारलं असेल? त्याला काय ऐकायचं असेल? सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वीचं किती आठवतं, आणि कुठलं कोणापाशी आठवतं? दोन्ही नोंदी त्याच बाईच्या आहेत. एकीत ती काय सांगते आणि दुसरीत ती का सांगत नाही, या दोन्हींतून गुलामीबद्दल कळतं, आणि गुलामी संपून सत्तर वर्षं झाल्यावरही कुणाची भीती कुणाला होती तेही कळतं. एखाद्या मुलाने हायस्कूलच्या चार वर्षांत ही एकच जोडी नीट वाचली, तर माहितीच्या महापुरात त्याला एरवी सहजी कुणी वाहवून नेणार नाही, असं मला खरोखर वाटतं.

आता प्रत्यक्षात काय चालतं ते पाहा. अमेरिकेत कॉलेजच्या दर्जाचा म्हणून शाळेत घेतला जाणारा जो एपी इतिहास आहे, त्याच्या परीक्षेत 1973 पासून कागदपत्रांवर आधारित प्रश्न असतो. कल्पना सुरेख होती. आज त्याचं रूप असं आहे की सात कागद, त्यांतले बरेचसे चार-सहा ओळींचे तुकडे, आणि वाचून निबंध लिहायला मिळून एक तास. माझी मुलगी या वर्गात होती तेव्हा तिच्या वहीत प्रत्येक कागदाखाली चार चौकोन आखलेले असत. ऐतिहासिक परिस्थिती, वाचकवर्ग, हेतू, दृष्टिकोन. चौकोन भरण्यात ती तरबेज झाली होती. हेतू या चौकोनात 'लोकांना पटवणे' असं लिहिलं की बहुतेक वेळा भागायचं. कोण कुणाला काय पटवत होतं आणि पटलं नसतं तर काय झालं असतं, हे त्या चौकोनात मावत नव्हतं. विचारायला हवे ते चार प्रश्न चौकोनांत आलेले होते, पण प्रश्न पडायला लागणारी सवड वेळापत्रकाने खाऊन टाकली होती. शिक्षकांनाही मी दोष देत नाही. कोलंबसाच्या आधीपासून आजपर्यंत सगळं मे महिन्याच्या परीक्षेआधी उरकायचं असेल तर कुठलाही शिक्षक धावणारच.

म्हणून माझी सूचना अशी, की अभ्यासक्रम सरळ कापावा. वर्षाला पाच-सहा प्रश्न निवडावेत आणि प्रत्येकाला दोन-दोन आठवडे द्यावेत. मधला पूल पाठ्यपुस्तकाने बांधावा, त्याचं ते काम आहे. मूळ कागदांचे कट्टर पुरस्कर्ते पाठ्यपुस्तकच फेकून द्या म्हणतात, ते मला पटत नाही. लेक्सिंग्टनची रोजनिशी वाचणाऱ्या मुलाला ब्रिटिश फौज बॉस्टनमध्ये का होती हे कुणीतरी सांगायला हवंच. पण पाठ्यपुस्तकालाही तेच प्रश्न विचारायची मुलांना मुभा हवी. 2015 साली टेक्सासमध्ये एका विद्यार्थ्याला भूगोलाच्या पुस्तकात असं वाक्य सापडलं की आफ्रिकेतून लाखो 'कामगार' शेतमळ्यांवर काम करायला आणले गेले. त्याने आईला दाखवलं, बोभाटा झाला, प्रकाशकाला माफी मागून मजकूर बदलावा लागला. त्या मुलाला शब्दाकडे पाहायची सवय होती म्हणून हे घडलं.

भाषेची अडचण खरी आहे. अठराव्या शतकातली इंग्रजी घरी इंग्रजीच बोलणाऱ्या मुलांनाही जड जाते. त्यातच अनेक शाळांनी सलग जोडून लिहायचं वळणदार इंग्रजी अक्षर (कर्सिव्ह) शिकवणं सोडून दिल्यामुळे आज पुष्कळ मुलांना जेफरसनचं हस्ताक्षर लावताही येत नाही. काही शिक्षक कागद सोपा करून, लहान करून देतात. त्याला माझी हरकत नाही, फक्त मूळ कागद शेजारी ठेवावा आणि काय गाळलं हे ठिपक्यांनी दाखवावं. ग्रीलीच्या पत्रासारखं होऊ नये, एवढ्यासाठी.

अभिलेखागारांचा आणखी एक दोष आहे आणि त्यावर वर्गात बोललंच पाहिजे. कागद मागे ठेवतो तो लिहिणारा, आणि लिहायला कुणाला येऊ द्यायचं हे कायद्याने ठरवलेलं होतं. साउथ कॅरोलायनात 1740 पासूनच गुलामाला लिहायला शिकवणं गुन्हा होता. त्यामुळे मळेवाल्यांच्या हिशेबवह्यांचे ढीग आहेत आणि मळ्यावर राबणाऱ्यांची पत्रं मोजकी. अशा वेळी जॉर्डन अँडरसनचं पत्र हाती लागतं तेव्हा वर्ग उजळतो. टेनेसीतल्या मळ्यावरून मुक्त होऊन ओहायोतल्या डेटन गावी आलेल्या या माणसाला जुन्या मालकाने परत कामाला बोलावलं. 7 ऑगस्ट 1865 ला त्याने उत्तर पाठवलं, स्वतः सांगून दुसऱ्याकडून लिहवून घेतलेलं. तुमची नियत पारखावी म्हणून आमची मागची मजुरी आधी पाठवा, असं तो म्हणतो. माझी 32 वर्षं, महिना 25 डॉलर. बायको मँडीची 20 वर्षं, आठवड्याला 2 डॉलर. मिळून 11,680 डॉलर. मुलांनी हा हिशेब फळ्यावर मांडावा. 9,600 आणि 2,080, बेरीज चोख बसते. मग विचारावं की हे पत्र लगेच वर्तमानपत्रांत का छापलं गेलं, लिहून घेणाऱ्याने त्यात भर घातली असेल का, आणि 32 वर्षांच्या मजुरीचा आकडा पहिल्यांदा कुणी काढला, मालकाने की गुलामाने.

आता कायद्यांकडे वळतो, कारण 2021 पासून ओक्लाहोमा, टेक्सास, फ्लोरिडा अशा राज्यांनी वंश आणि गुलामी या विषयांवर वर्गात काय बोलावं यावर बंधनं आणली आहेत. ओक्लाहोमाच्या कायद्यात तर आपल्या वंशामुळे अपराधी किंवा अस्वस्थ वाटायला हवं, असं मुलांना शिकवू नये असं कलम आहे. वाचायला ते वाजवी वाटतं. आठवीतल्या मुलाला त्याच्या पणजोबाच्या पापाबद्दल खजील करणं मलाही मान्य नाही. पण नोकरी जाईल या धास्तीने शिक्षक कात्री हातात घेतो, आणि सर्वांत आधी कापला जातो तो टोचणारा परिच्छेद. 1776 साली काँग्रेसने जे केलं तेच पुन्हा घडतं. 2023 साली फ्लोरिडाने नवा अभ्यासक्रम आणला. गुलामांनी अशी कौशल्यं आत्मसात केली की ज्यांचा काही वेळा त्यांना स्वतःला फायदा करून घेता येत असे, हे त्यातल्या एका मुद्द्यात शिकवायला सांगितलं आहे. यावर देशभर गदारोळ झाला. मी शिक्षक असतो तर गदारोळ न करता ते वाक्य जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं असतं आणि खाली सँडीची जाहिरात लावली असती. त्याच्याकडे कौशल्य होतं. ते कुणाच्या फायद्याचं होतं, आणि तो ते स्वतःसाठी वापरायला निघाला तेव्हा त्याच कौशल्याचा त्याला पकडायला कसा उपयोग केला गेला, हे मुलांनी सांगावं.

यादवी युद्धाच्या कारणांबद्दलही हेच. दक्षिण लढली ती राज्यांच्या हक्कांसाठी, गुलामीसाठी नव्हे, असं दक्षिणेतल्या शाळांत पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं. 1920 च्या सुमारास दक्षिणेच्या बाजूने लढलेल्या (कॉन्फेडरेट) सैनिकांच्या वंशज स्त्रियांच्या संघटनेशी निगडित मिल्ड्रेड रदरफोर्ड यांनी पाठ्यपुस्तकं पारखायची कसोटीच छापली होती. आपले गुलाम राखण्यासाठी दक्षिण लढली असं म्हणणारं पुस्तक नाकारा, असं त्यात साफ लिहिलेलं आहे. या विषयावर शिक्षकाने स्वतःचं मत सांगायची गरजच नाही. मिसिसिपीने 1861 च्या जानेवारीत संघराज्यातून फुटताना स्वतःची कारणं स्वतः लिहून ठेवली, आणि सुरुवातीलाच म्हटलं की आमची भूमिका गुलामीच्या संस्थेशी पूर्णपणे एकरूप आहे. साउथ कॅरोलायनाच्या डिसेंबर 1860 च्या निवेदनात तर तक्रार अशी आहे की उत्तरेतली राज्यं पळून आलेले गुलाम परत करत नाहीत, त्याविरुद्ध आपापले कायदे करतात. म्हणजे राज्यांचे हक्क वापरत होती उत्तरेतली राज्यं, आणि ओरड होती दक्षिणेची! रदरफोर्डबाईंची कसोटी आणि ही दोन निवेदनं एका तासाला द्यावीत.

अमेरिकेतल्या मराठी आईवडिलांना हा वाद दूरचा वाटतो, असं मी पुष्कळदा पाहिलं आहे. गणिताची जादा शिकवणी आपण शोधतो, इतिहासाच्या तासाला काय चाललंय हे विचारत नाही. खरं तर या इतिहासाच्या कागदांत मराठी कागदही आहेत. जोतीराव फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, निग्रोंच्या गुलामीविरुद्ध त्यांनी दाखवलेल्या निःस्वार्थी निष्ठेबद्दल. त्याच 1873 च्या एप्रिलात लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने कित्येक काळ्या नागरिकांना ठार केलं होतं. या दोन गोष्टी शेजारी ठेवून फुल्यांची चूक काढायची नाही. पुण्यात बसलेल्या माणसाला अमेरिकेची कुठली बातमी पोचत होती आणि तिचा उपयोग त्याला कुणापुढे करायचा होता, हे पाहायचं. अर्पणपत्रिकेतच उत्तर आहे. माझ्या देशबांधवांनी हा कित्ता गिरवावा आणि आपल्या शूद्र बांधवांना सोडवावं, अशी इच्छा तिथे लिहिलेली आहे. अमेरिका त्यांच्यासाठी स्वकीयांवर धरायचा आरसा होती. पंडिता रमाबाईंनी 1889 साली अमेरिकेच्या लोकस्थितीवर मराठीत आख्खं पुस्तक लिहिलं. तिथल्या स्त्रियांच्या संस्थांचं त्यांना मोठं कौतुक. त्यांच्या कामाला बॉस्टनच्या मंडळींनी पैसे उभे केले होते, पण पुस्तकाची वाचक होती घरची मराठी मंडळी. कुणाजवळ आपण काय बोलतो, हा सुझन हॅमलिनचा प्रश्न इथेही लागू होतो. मराठी वाचणारं लेकरू वर्गात असेल, तर त्याने घरून आणावा असा हा ऐवज आहे.

आणि अमेरिकी नागरिकत्वासाठी न्यायालयात लढलेला, पंजाबातून आलेला भगतसिंग थिंड. 1922 च्या नोव्हेंबरात ताकाओ ओझावा या जपानी माणसाला अमेरिकी नागरिकत्व नाकारताना सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा. तीनच महिन्यांनी, 19 फेब्रुवारी 1923 ला, थिंडच्या खटल्याचा निकाल लागला. शास्त्रज्ञांच्या वर्गीकरणानुसार मी कॉकेशियनच आहे, असं त्याचं म्हणणं. तेव्हा न्यायालयाने सांगितलं की शास्त्र राहू द्या, सामान्य माणसाला गोरा म्हणून जो कळतो तोच गोरा. दोन्ही निकाल एकाच न्यायमूर्तीने, जॉर्ज सदरलँडने लिहिलेले. त्यानंतर कित्येक भारतीयांचं आधी मिळालेलं नागरिकत्वही काढून घेण्यात आलं, आणि दार पुन्हा उघडायला 1946 साल उजाडावं लागलं. भारतीय पालक अलीकडे हा खटला शाळेत शिकवा अशी मागणी करतात आणि ती रास्त आहे. मीही आमच्या भागातल्या शाळा मंडळाच्या बैठकीत ती करणार आहे. मात्र ओझावा आणि थिंड हे दोन्ही निकाल मुलांना पूर्ण वाचायला द्या, असं मी म्हणेन. त्यांच्यासोबत थिंडच्या बाजूने न्यायालयात मांडलेला युक्तिवादही द्या. त्यात म्हटलं आहे की उच्चवर्णीय हिंदू हा शुद्ध आर्य असून, अमेरिकी गोरा माणूस निग्रोकडे ज्या नजरेने पाहतो त्याच नजरेने तो हिंदुस्थानातल्या मूळच्या रहिवाशांकडे पाहतो. तो परिच्छेद वाचून आपल्या मुलांनी घरी येऊन आपल्याला प्रश्न विचारले, तर त्यांना उत्तरं द्यायची तयारी ठेवूनच आपण ही मागणी करायला हवी.